विद्यापीठीय व्यवसाय आराखडा स्पर्धा

विद्यापीठीय व्यवसाय आराखडा स्पर्धा ही विद्यापीठांत व महाविद्यालयांत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी नव्या उद्योगाची योजना तयार करून ती परीक्षकांसमोर मांडण्याची स्पर्धा होय. बोलीत तिला ‘बिझनेस प्लॅन स्पर्धा’ किंवा नुसते ‘बी-प्लॅन’ असेही म्हणतात. स्पर्धक संघ आपले उत्पादन किंवा सेवा, ग्राहक, बाजारपेठ, लागणारे भांडवल आणि अपेक्षित नफा-तोटा यांची मांडणी करतात. गुंतवणूकदार, उद्योजक व प्राध्यापक यांचे परीक्षक मंडळ तिचे मूल्यमापन करते. विजेत्यांना रोख रक्कम, गुंतवणूक, मार्गदर्शन किंवा उद्योग सुरू करण्यासाठी जागा मिळते.

अशा स्पर्धांची सुरुवात इ.स. १९८४ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात झाली. भारतात भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई (आयआयटी मुंबई) येथील ‘युरेका’ ही या प्रकारच्या आरंभीच्या स्पर्धांपैकी एक होय. स्पर्धेचे नियम प्रत्येक आयोजक स्वतंत्रपणे ठरवतो. तथापि विद्यार्थी असल्याची अट, संघाची रचना, उपक्रमाचे वय, कल्पनेची मालकी आणि पारितोषिकाच्या अटी हे पाच विषय बहुतेक नियमावल्यांत आढळतात.

स्वरूप

व्यवसाय आराखडा हा मुळात बँक किंवा गुंतवणूकदार यांच्याकडे भांडवल मागताना सादर करावयाचा दस्तऐवज आहे. त्यात उद्योगाचे उद्दिष्ट, उत्पादनाचे वर्णन, ग्राहकांचा अभ्यास, प्रतिस्पर्धी, विक्रीची पद्धत, कर्मचारी आणि पुढील तीन ते पाच वर्षांचे आर्थिक अंदाज यांचा समावेश असतो. विद्यापीठीय स्पर्धेत हाच दस्तऐवज शैक्षणिक चौकटीत तयार केला जातो.

निबंध किंवा वक्तृत्व स्पर्धेहून ही स्पर्धा दोन बाबतींत वेगळी आहे. मांडलेली कल्पना प्रत्यक्षात आणण्याचा इरादा येथे गृहीत धरलेला असतो, आणि परीक्षकांपैकी काही जण पुढे त्या उद्योगात पैसे गुंतवण्याची शक्यता असते. त्यामुळे या स्पर्धेच्या नियमांना काही प्रमाणात व्यावहारिक करारांचे स्वरूप येते. अर्ज भरताना विद्यार्थी ज्या अटी मान्य करतो, त्यांचे परिणाम स्पर्धा संपल्यानंतरही टिकू शकतात.

महाराष्ट्रातील विद्यापीठांची ‘आविष्कार’ ही स्पर्धा कधीकधी याच प्रकारातील समजली जाते. मात्र ती संशोधन प्रकल्पांची स्पर्धा आहे. तेथे उद्योग उभारणीची योजना सादर करणे अनिवार्य नसते.

इतिहास

टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील व्यवस्थापन विद्यार्थ्यांसाठी १९८४ साली ‘मूट कॉर्प’ ही स्पर्धा सुरू झाली. विधी महाविद्यालयांत अभिरूप न्यायालय भरवून विद्यार्थ्यांना वकिलीचा सराव दिला जातो. त्याच धर्तीवर अभिरूप कंपनी स्थापून भांडवल मागण्याचा सराव द्यावा, असा हेतू या नावामागे होता. पुढे ही स्पर्धा अन्य विद्यापीठांना व परदेशी संघांनाही खुली झाली आणि नंतर तिचे नाव ‘व्हेंचर लॅब्स इन्व्हेस्टमेंट कॉम्पिटिशन’ असे झाले.

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एमआयटी) येथे १९९० साली दहा हजार डॉलर पारितोषिकाची स्पर्धा सुरू झाली. अभियांत्रिकीचे आणि व्यवस्थापनाचे विद्यार्थी एकत्र यावेत, हा तिचा एक उद्देश होता. पारितोषिकाची रक्कम पुढे पन्नास हजार डॉलर आणि त्यानंतर एक लाख डॉलर झाली. रकमेबरोबर स्पर्धेचे नावही बदलत गेले. या स्पर्धेचे संपूर्ण व्यवस्थापन विद्यार्थ्यांकडे असते.

ह्यूस्टन येथील राइस विद्यापीठाची स्पर्धा २००१ साली नऊ संघांसह सुरू झाली. त्या वर्षी एकूण दहा हजार डॉलरची पारितोषिके होती. पुढे अंतिम टप्प्यात ४२ संघांना निमंत्रण देण्याची पद्धत रूढ झाली आणि एकूण पारितोषिके दहा लाख डॉलरच्या पुढे गेली.

सामाजिक प्रश्नांवरील उद्योगांसाठीची ‘हल्ट प्राइझ’ ही स्पर्धा २००९ मध्ये अहमद अशकर यांनी सुरू केली. तिचे आरंभीचे नाव ‘हल्ट ग्लोबल केस चॅलेंज’ असे होते. दरवर्षी एक विषय जाहीर करून जगभरातील विद्यापीठांतून संघ निवडणे आणि विजेत्यास दहा लाख डॉलर देणे, हे तिचे वैशिष्ट्य ठरले.

भारतात आयआयटी मुंबईच्या पवई येथील उद्योजकता कक्षाची (ई-सेल) स्थापना १९९८ साली झाली. या कक्षातर्फे ‘युरेका’ ही स्पर्धा घेतली जाते. विद्यार्थ्यांनी चालवलेली ही स्पर्धा कालांतराने संस्थेबाहेरील विद्यार्थ्यांना व नवउद्योजकांनाही खुली झाली. याच संस्थेत २००४ साली ‘साइन’ हे उद्योग संवर्धन केंद्र सुरू झाले. त्यामुळे कल्पना मांडण्याच्या पुढचा टप्पाही त्याच आवारात उपलब्ध झाला.

पात्रता

विद्यार्थी असल्याची अट

स्पर्धा ‘विद्यार्थ्यांसाठी’ असली, तरी विद्यार्थी कोणास म्हणावे याची व्याख्या नियमावलीत करावी लागते. प्रचलित पद्धती साधारणतः तीन प्रकारच्या आहेत.

पहिल्या प्रकारात संघातील सर्व सदस्य त्या वेळी एखाद्या पदवी किंवा पदव्युत्तर अभ्यासक्रमास प्रविष्ट असावे लागतात. दुसऱ्या प्रकारात किमान एक सदस्य यजमान विद्यापीठाचा नियमित विद्यार्थी असला की पुरते. उरलेले सदस्य माजी विद्यार्थी, प्राध्यापक किंवा बाहेरचे असू शकतात. एमआयटीच्या स्पर्धेत ही पद्धत आढळते. तिसऱ्या प्रकारात पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या सहभागावर भर असतो. राइस विद्यापीठाची स्पर्धा या प्रकारातील आहे.

दुसऱ्या प्रकारात एक धोका संभवतो. प्रत्यक्षात बाहेरच्या व्यक्तींनी चालवलेल्या उद्योगात एखाद्या विद्यार्थ्याचे नाव केवळ पात्रतेसाठी घातले जाऊ शकते. हे टाळण्यासाठी विद्यार्थी सदस्याने संस्थापक असावे, त्याचा उद्योगात मालकी हिस्सा असावा आणि सादरीकरणात त्याने प्रत्यक्ष बोलावे, अशा अटी घातल्या जातात.

नुकतीच पदवी मिळालेल्यांचा प्रश्नही वारंवार उद्भवतो. स्पर्धेची प्रवेशिका पावसाळ्यात आणि अंतिम फेरी उन्हाळ्याच्या तोंडावर असेल, तर मधल्या काळात काही सदस्यांचे शिक्षण पूर्ण होते. म्हणून ‘प्रवेशिका दाखल करण्याच्या दिवशी विद्यार्थी’ की ‘अंतिम फेरीच्या दिवशी विद्यार्थी’ हे नियमात नमूद असणे आवश्यक ठरते. पुराव्यासाठी महाविद्यालयाचे ओळखपत्र, बोनाफाइड प्रमाणपत्र किंवा विभागप्रमुखांचे पत्र मागितले जाते.

संघाची रचना

बहुतेक स्पर्धांत संघाची किमान व कमाल सदस्यसंख्या ठरलेली असते. एका विद्यार्थ्याने एकाहून अधिक संघांत असू नये, तसेच ठरावीक तारखेनंतर सदस्य बदलू नयेत, असेही नियम असतात. वेगवेगळ्या शाखांतील विद्यार्थी एकत्र असावेत, अशी अपेक्षा असते. परंतु ती सक्तीची असतेच असे नाही. मार्गदर्शक प्राध्यापकाने सल्ला द्यावा, पण आराखडा लिहू नये आणि परीक्षकांच्या प्रश्नांना उत्तरे देऊ नयेत, हा संकेत जवळपास सर्वत्र पाळला जातो.

उपक्रमाचे वय व पूर्वीचा निधी

स्पर्धा नव्या कल्पनांसाठी असल्याने आधीच स्थिरावलेल्या उद्योगांना वगळावे लागते. त्यासाठी कंपनी नोंदवून किती काळ झाला, आतापर्यंत किती विक्री झाली आणि बाहेरून किती भांडवल मिळाले, या तीन निकषांवर मर्यादा घालतात. घरचा चालू व्यवसाय, दुसऱ्या कंपनीची शाखा, विकत घेतलेली विक्री-एजन्सी किंवा मताधिकार तत्त्वावर चालवलेले दुकान यांना सामान्यतः प्रवेश नसतो. घरच्या व्यवसायातूनच एखादे स्वतंत्र नवे उत्पादन निघत असेल, तर त्याविषयी आयोजकांकडे आधी विचारणा करणे इष्ट समजले जाते.

वय आणि कायदेशीर क्षमता

भारतात बारावीनंतर प्रथम वर्षास प्रवेश घेणारे अनेक विद्यार्थी अठरा वर्षांखालील असतात. भारतीय करार अधिनियम, १८७२ नुसार अज्ञान व्यक्तीस करार करण्याची क्षमता नसते. त्यामुळे असा विद्यार्थी स्पर्धेत भाग घेऊ शकत असला, तरी गुंतवणुकीचा करार करू शकत नाही आणि कंपनीचा संचालक होऊ शकत नाही. भागीदारी अधिनियम, १९३२ नुसार अज्ञान व्यक्तीस इतर भागीदारांच्या संमतीने भागीदारीच्या केवळ लाभात सामावून घेता येते. या कारणास्तव काही नियमावल्यांत संघप्रमुख सज्ञान असावा किंवा पालकांचे संमतिपत्र जोडावे, अशी अट असते.

परदेशात शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत व्हिसाचा मुद्दा येतो. स्पर्धेत भाग घेणे आणि स्वतःच्या कंपनीत काम करणे या दोन गोष्टी व्हिसाच्या नियमांत भिन्न मानल्या जातात. विद्यार्थी व्हिसावर काम करण्यास मर्यादा असल्याने विजयानंतर लगेच कंपनी चालवणे अनेकांना शक्य होत नाही. अमेरिकेत किंवा युरोपात शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांनाही हा नियम लागू होतो.

अपात्रता

आयोजक समितीचे सदस्य, परीक्षक व त्यांचे निकटचे नातेवाईक यांना स्पर्धेत भाग घेता येत नाही. परीक्षकाचा एखाद्या संघाशी आर्थिक किंवा कौटुंबिक संबंध असल्यास त्याने त्या संघाचे परीक्षण न करण्याची प्रथा आहे.

प्रवेशिका आणि फेऱ्या

स्पर्धा सहसा तीन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात एक ते पाच पानांचा सारांश मागवला जातो. त्यातून निवडलेले संघ दुसऱ्या टप्प्यात सविस्तर आराखडा आणि आर्थिक तक्ते सादर करतात. या काळात त्यांना मार्गदर्शक नेमून दिला जातो. तिसऱ्या टप्प्यात प्रत्यक्ष सादरीकरण व प्रश्नोत्तरे होतात. एमआयटीमध्ये कल्पनेची झटपट मांडणी, नमुना तयार करणे आणि अंतिम आराखडा यांच्या स्वतंत्र स्पर्धा वर्षभरात होऊ लागल्या. हल्ट प्राइझमध्ये आधी शिक्षणसंस्थेच्या पातळीवर आणि मग प्रादेशिक पातळीवर निवड होते. ‘युरेका’ची अंतिम फेरी ई-सेलच्या ‘ई-समिट’ या वार्षिक परिषदेच्या वेळी होते.

पानांची संख्या, अक्षरांचा आकार, सरकचित्रांची संख्या आणि बोलण्याचा वेळ यांचे नियम काटेकोर असतात. वेळ संपताच सादरीकरण थांबवले जाते. मुदतीनंतर आलेली प्रवेशिका न स्वीकारणे हा नियम सर्वांत कमी वेळा शिथिल केला जातो. कारण तो एकासाठी शिथिल केला, तर वेळेत काम संपवलेल्या इतरांवर अन्याय होतो.

परीक्षणाचे निकष

परीक्षकांच्या गुणपत्रिकेत सर्वसाधारणपणे पुढील बाबी असतात:

समस्या — ती खरोखर कोणाला आणि किती वेळा भेडसावते.
उपाय — सध्या उपलब्ध पर्यायांपेक्षा तो कशात सरस आहे.
बाजारपेठ — ग्राहक किती, आणि त्यांच्यापर्यंत कसे पोहोचणार.
अर्थकारण — एका ग्राहकामागे खर्च किती आणि मिळकत किती.
संघ — हे काम पार पाडण्याची क्षमता कोणाकडे आहे.
प्रगती — नमुना, चाचणी किंवा पहिली विक्री झाली आहे काय.
सादरीकरण — मांडणीची स्पष्टता आणि प्रश्नांना दिलेली उत्तरे.

आर्थिक अंदाजांत वारंवार आढळणारा दोष म्हणजे बाजारपेठेचा ठोकळ हिशेब. ‘शहरात पाच लाख कुटुंबे आहेत, त्यांतील एक टक्का जरी ग्राहक झाले, तरी पाच हजार ग्राहक मिळतील’ अशी मांडणी अनेक संघ करतात. हा एक टक्का कोठून, किती दिवसांत आणि किती खर्चाने मिळणार, याचे उत्तर त्यात नसते. याउलट पन्नास घरी जाऊन विचारणा केली, बारा जणांनी नमुना वापरला आणि चौघांनी पुन्हा पैसे देऊन तो घेतला, अशी लहान पण तपासता येणारी माहिती परीक्षकांना अधिक विश्वसनीय वाटते.

रोख प्रवाहाकडे होणारे दुर्लक्ष हा दुसरा दोष होय. कागदावर नफा दिसत असूनही उधारी वसूल होईपर्यंत कच्चा माल आणि पगार यांसाठी पैसा लागतो. हा पैसा कोठून येणार, हे न सांगणारा आराखडा अपुरा समजला जातो.

कल्पनेची मालकी आणि गोपनीयता

विद्यार्थ्यांच्या दृष्टीने नियमावलीतील हा सर्वांत महत्त्वाचा भाग होय. बहुतेक आयोजक कल्पनेवर मालकी सांगत नाहीत. ती संघाकडेच राहते असे स्पष्ट लिहिलेले असते. तथापि विजेत्यांची नावे, छायाचित्रे आणि योजनेचा सारांश प्रसिद्धीसाठी वापरण्याचा अधिकार ते राखून ठेवतात.

परीक्षक सामान्यतः गोपनीयतेच्या करारावर सही करत नाहीत. ते दरवर्षी शेकडो योजना पाहतात आणि त्यांतील अनेक एकमेकींसारख्या असतात. म्हणून सादरीकरणात सांगितलेली माहिती जाहीर झाली असे समजावे, असा इशारा नियमावलीत दिलेला असतो. लेखाधिकार कायद्याने आराखड्याच्या शब्दांना संरक्षण मिळते, त्यातील कल्पनेला नाही. त्याच कल्पनेवर दुसऱ्याने स्वतःच्या शब्दांत आराखडा लिहिल्यास केवळ लेखाधिकाराच्या आधारे त्याला अडवता येत नाही.

तांत्रिक शोधाच्या बाबतीत प्रश्न अधिक गंभीर होतो. पेटंट मिळण्यासाठी शोध अर्जापूर्वी सार्वजनिक झालेला नसावा लागतो. युरोपीय पेटंट व्यवस्थेत संशोधकाने स्वतः केलेल्या प्रकटीकरणालाही सर्वसाधारण सवलत नाही. अमेरिकेत अशा प्रकटीकरणानंतर अर्ज करण्यास एक वर्षाची मुदत मिळते. भारतीय पेटंट अधिनियम, १९७० मध्ये सवलत आहे, परंतु ती शासनाने अधिसूचित केलेले प्रदर्शन, विद्वत्सभेपुढील निबंध अशा मोजक्या प्रसंगांपुरती आहे. महाविद्यालयाच्या सभागृहात केलेले सादरीकरण तिच्या कक्षेत येईलच असे गृहीत धरता येत नाही. त्यामुळे प्रेक्षकांसमोर उभे राहण्यापूर्वी तात्पुरते विवरणपत्र दाखल करणे हा सुरक्षित मार्ग समजला जातो. असे विवरणपत्र दाखल केल्यावर पूर्ण विवरणपत्र देण्यास बारा महिन्यांचा अवधी मिळतो. पेटंटचा विचार नसलेले संघ उत्पादन काय करते ते सांगतात आणि ते कसे करते हा तपशील राखून ठेवतात.

विद्यापीठाचा हक्क

कल्पना विद्यार्थ्याची असली, तरी ती विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत, विद्यापीठाच्या निधीतून साकारली असेल तर विद्यापीठाचाही हक्क निर्माण होऊ शकतो. भारतात केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने (तेव्हाचे मनुष्यबळ विकास मंत्रालय) २०१९ साली जाहीर केलेल्या राष्ट्रीय नवोपक्रम व स्टार्टअप धोरणात याविषयी मार्गदर्शन आहे. त्यानुसार संस्थेची साधने किंवा निधी भरीव प्रमाणात वापरला असल्यास, अथवा शोध अभ्यासक्रमाचा भाग म्हणून लागला असल्यास, बौद्धिक संपदा संशोधक व संस्था यांच्या संयुक्त मालकीची ठरते. संस्थेची साधने न वापरता आणि अभ्यासक्रमाबाहेर केलेल्या कामाची मालकी संशोधकाकडे राहते. मालकीविषयी वाद झाल्यास प्राध्यापक, माजी विद्यार्थी किंवा उद्योगतज्ज्ञ आणि विधी सल्लागार यांची किमान पाच सदस्यांची समिती नेमावी, असे धोरण सुचवते.

अंतिम वर्षाचा प्रकल्प आणि स्पर्धेतील योजना एकच असणाऱ्या विद्यार्थ्यांना ही तरतूद थेट लागू पडते. प्रकल्पाला गुण मिळाले म्हणजे तो अभ्यासक्रमाचा भाग झाला. अशा वेळी संस्थेशी आधीच लेखी बोलणी करून ठेवणे उभयतांच्या हिताचे असते.

संघातील परस्पर हक्क

स्पर्धेची नियमावली संघाला एक घटक मानते. संघातील कोणाचा किती वाटा, हे ती ठरवत नाही. परीक्षेनंतर एखादा सदस्य नोकरीस लागतो, दुसरा उच्च शिक्षणासाठी परदेशी जातो, आणि तिसरा एकटाच उद्योग पुढे नेतो. अशा वेळी पारितोषिक कोणाचे आणि नाव कोणाचे, हा प्रश्न उभा राहतो. मैत्रीच्या भरात समान वाटे ठरवले जातात, मात्र श्रम समान राहत नाहीत.

पेटंट संयुक्त नावावर असेल तर अडचण वाढते. भारतीय पेटंट अधिनियमाच्या कलम ५० नुसार, वेगळा करार नसल्यास, कोणताही सहमालक इतरांच्या संमतीवाचून परवाना देऊ शकत नाही किंवा आपला हिस्सा दुसऱ्याच्या नावे करू शकत नाही. म्हणजे संघ सोडून गेलेल्या एका सदस्याच्या संमतीअभावी पुढील गुंतवणूक अडून राहू शकते.

यावर उपाय म्हणून प्रवेशिकेबरोबरच संघांतर्गत एक-दोन पानांचा करारनामा करण्याचा सल्ला दिला जातो. प्रत्येकाचे काम, हिस्सा, सोडून गेल्यास हिश्शाचे काय, आणि नाव व चिन्ह कोणाकडे राहील, एवढे मुद्दे त्यात पुरतात. हिस्सा एकदम न देता तीन-चार वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळण्याची पद्धत गुंतवणूकदार पसंत करतात.

पारितोषिके आणि त्यांच्या अटी

पारितोषिके मुख्यतः दोन प्रकारची असतात. पहिला प्रकार निखळ बक्षिसाचा. त्यात दात्यास उद्योगात हिस्सा मिळत नाही. एमआयटीचे मुख्य पारितोषिक या प्रकारचे आहे. दुसरा प्रकार गुंतवणुकीचा. त्यात रकमेच्या बदल्यात समभाग द्यावे लागतात. राइस विद्यापीठाच्या स्पर्धेत रोख बक्षिसांबरोबर अशा गुंतवणुकींचाही समावेश असतो.

दुसऱ्या प्रकारात रकमेपेक्षा हिश्शाकडे अधिक लक्ष द्यावे लागते. उदाहरणार्थ, दहा लाख रुपयांच्या बदल्यात पाच टक्के हिस्सा द्यावयाचा असेल, तर गुंतवणुकीनंतरचे उद्योगाचे मूल्य दोन कोटी रुपये धरले गेले असा अर्थ होतो. त्याच दहा लाखांसाठी वीस टक्के मागितले, तर हे मूल्य पन्नास लाखांवर येते. जाहिरातीत दोन्ही पारितोषिके ‘दहा लाखांची’ म्हणूनच झळकतात.

रक्कम एकदम मिळेल की टप्प्याने, ती कंपनीच्या खात्यात जमा होईल की व्यक्तीच्या, कंपनी किती दिवसांत नोंदवावी लागेल आणि खर्चाचा हिशेब द्यावा लागेल काय, हे मुद्देही नियमावलीत असतात. जाहीर केलेल्या एकूण रकमेत रोखीखेरीज कायदेविषयक सल्ला, कार्यालयाची जागा, संगणकीय सेवा यांची किंमतही धरलेली असू शकते. पारितोषिकावरील कर ज्या त्या देशाच्या कायद्यानुसार विजेत्यास भरावा लागतो.

आचारनियम

दुसऱ्याच्या आराखड्याची नक्कल, खोटे ओळखपत्र, न झालेल्या विक्रीचे आकडे आणि दुसऱ्याच्या तंत्रज्ञानाचा परवान्यावाचून वापर ही अपात्र ठरवण्याची नेहमीची कारणे होत. स्पर्धेनंतर गैरप्रकार उघडकीस आल्यास पारितोषिक परत घेण्याचा अधिकार आयोजक राखून ठेवतात. परीक्षकांचा निर्णय अंतिम असतो. बहुतेक ठिकाणी गुणांविरुद्ध अपिलाची सोय नसते. नियमभंगाची तक्रार मात्र ठरावीक मुदतीत करता येते. परीक्षकांचे लेखी अभिप्राय संघांना देण्याची पद्धत विद्यार्थ्यांसाठी पारितोषिकाइतकीच उपयुक्त मानली जाते, कारण बहुसंख्य संघांच्या हाती शेवटी तेवढेच येते.

भारतातील शैक्षणिक सवलती

उद्योगाच्या कामामुळे हजेरी कमी भरणे ही विद्यार्थी उद्योजकांची नित्याची अडचण आहे. २०१९ च्या राष्ट्रीय धोरणाने यावर काही सवलती सुचवल्या. योग्य परवानगीने किमान हजेरी नसतानाही परीक्षेस बसू देणे, उद्योगासाठी सत्र किंवा वर्ष खंडित करण्याची मुभा देणे, उद्योगाचे काम प्रकल्प वा चर्चासत्राऐवजी ग्राह्य धरणे आणि कंपनी नोंदणीसाठी संस्थेचा पत्ता वापरू देणे, या त्यांतील प्रमुख होत. सेवा-सुविधांच्या मोबदल्यात संस्थेने उद्योगात दोन ते साडेनऊ टक्के हिस्सा घेण्यास या धोरणात वाव आहे. या सवलती आपोआप मिळत नाहीत. संबंधित संस्थेने आपले धोरण ठरवून त्या अंगीकाराव्या लागतात.

फलनिष्पत्ती

स्पर्धेतील यश आणि उद्योगातील यश यांचा संबंध सरळ नसतो. एमआयटीच्या १९९८ च्या स्पर्धेत ‘डायरेक्ट हिट’ या इंटरनेट शोधयंत्राच्या संघाने पहिले पारितोषिक मिळवले. दोन वर्षांतच, २००० साली, ‘आस्क जीव्ह्ज’ कंपनीने तो उद्योग विकत घेतला. त्याच अंतिम फेरीतील एका संघाला पहिले पारितोषिक मिळाले नाही. गणिताचे प्राध्यापक टॉम लेटन आणि त्यांचे विद्यार्थी डॅनियल लेविन यांचे काम त्या संघामागे होते. इंटरनेटवरील गर्दीमुळे संकेतस्थळे मंदावू नयेत, यासाठी मजकूर अनेक संगणकांवर विभागून ठेवण्याची त्यांची गणिती पद्धत होती. या कामातून ‘अकामाई टेक्नॉलॉजीज’ ही कंपनी उभी राहिली. १९९९ मध्ये तिचे समभाग बाजारात आले आणि पुढे ती या क्षेत्रातील अग्रगण्य कंपनी ठरली. लेविन यांचा ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेतील विमान अपहरणात मृत्यू झाला.

हल्ट प्राइझमध्ये २०१३ साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाचा संघ विजयी झाला. खाद्य म्हणून कीटकांचे उत्पादन करण्याची त्यांची योजना होती. २०१४ साली हैदराबाद येथील इंडियन स्कूल ऑफ बिझनेसच्या ‘नॅनोहेल्थ’ या संघाने हे पारितोषिक मिळवले. शहरी वस्त्यांतील मधुमेह व रक्तदाबासारख्या दीर्घकालीन आजारांवर प्रशिक्षित आरोग्यसेवकांमार्फत घरोघरी लक्ष ठेवण्याची ती योजना होती.

टीका आणि बदल

या स्पर्धा उत्तम लिहिणाऱ्या व बोलणाऱ्या संघांना झुकते माप देतात, अशी टीका होते. अमेरिकी उद्योजक व अध्यापक स्टीव्ह ब्लँक यांच्या मते नवा उद्योग म्हणजे गृहीतकांचा संच असतो. प्रत्यक्ष ग्राहकांशी गाठ पडताच आराखड्यातील बरीच गृहीतके चुकीची ठरतात. म्हणून पाच वर्षांच्या अंदाजांऐवजी ग्राहकांकडून काय शिकलो आणि त्यानुसार योजना कशी बदलली, याचे मूल्यमापन व्हावे, असा विचार पुढे आला. अलेक्झांडर ऑस्टरवाल्डर यांनी प्रचारात आणलेला एका पानावरील नऊ चौकटींचा तक्ता अनेक स्पर्धांत दीर्घ आराखड्याच्या जागी आला. हार्वर्ड बिझनेस स्कूलनेही आपल्या स्पर्धेच्या नावातून ‘आराखडा’ वगळून ‘नव उपक्रम स्पर्धा’ अशा अर्थाचे नाव स्वीकारले.

भारतीय संदर्भात भाषेचा मुद्दा उपस्थित होतो. राष्ट्रीय पातळीवरील बहुतेक स्पर्धांत प्रवेशिका व सादरीकरण इंग्रजीत अपेक्षित असते. मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्याची कल्पना सकस असूनही पाच मिनिटांच्या इंग्रजी सादरीकरणात ती उणी पडू शकते. प्रवासखर्च हाही लहान गावांतील महाविद्यालयांच्या दृष्टीने अडसर ठरतो. प्राथमिक फेऱ्या दूरस्थ पद्धतीने घेणे आणि प्रश्नोत्तरांसाठी भारतीय भाषांची मुभा देणे, असे उपाय यावर सुचवले जातात.

समर्थकांच्या मते या स्पर्धांचे खरे फलित पारितोषिकात नसून तयारीत असते. ठरावीक मुदतीत योजना लिहून काढणे, अनोळखी ग्राहकाला प्रश्न विचारणे आणि पैशांचा हिशेब मांडणे हे शिक्षण उद्योग न उभारणाऱ्या विद्यार्थ्यालाही उपयोगी पडते.

हेही पाहा

उद्योजकता
बौद्धिक संपदा
पेटंट
भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई
भागभांडवल